शाळेतलं नाव

मामाच्या तेराव्याची जेवणं उरकली आणि आई ओट्याला टेकून म्हणाली, "आता मला माझ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही." मी भांडी आवरत होते. वाटलं, थकलीय बिचारी. म्हटलं, "अगं, सगळे मारतात की." तर म्हणाली, "ते सासरचं नाव. मी माझं म्हणतेय."

आईच्या लग्नात रिवाजाप्रमाणे तिचं नाव बदललं. आडनाव बदललं, मधलं बदललं, आणि पहिलंसुद्धा. ताटात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीने त्यात नवीन नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले, झालं. आई म्हणते, "आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी भाताला गेले." गंमत अशी, की ज्यांनी हौसेने ते नाव निवडलं त्या बाबांनी तिला जन्मात कधी त्या नावाने हाक मारली नाही. 'अगं, ऐकलंस का' एवढ्यावर त्यांनी अख्खा संसार निभावला. मग बदललं कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. धपाटा मिळाला होता. जुन्या नावाने हाक मारणारे आजी-आजोबा कधीच गेले, मावशी गेली. शेवटचा उरला होता मामा. तो फोनवर ते नाव असं खच्चून ओरडायचा की नारायण पेठेतल्या आमच्या अख्ख्या इमारतीला कळायचं, भावाचा फोन आलाय.

"एक ती आहे," आई म्हणाली. "असली तर."

ती म्हणजे शाळेतली मैत्रीण. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत दोघी एका बाकावर. ती वर्गाची मॉनिटर होती. बाईंना उशीर झाला की हजेरी हीच घ्यायची, तीही हजेरीपट न उघडता, कारण सगळ्या मुलींची नावं वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट तिला तोंडपाठ होती. मॅट्रिक झाल्याझाल्या तिचं लग्न लागलं. नवरा रेल्वेत, तिकडे विदर्भात कुठेतरी. काही वर्षं पत्रं येत होती, मग बदल्या झाल्या, पत्ते हुकले, पत्रं थांबली. पत्राखाली ती सही करायची ती माहेरच्याच नावाने.

"सासरचं आडनाव काय तिचं?" मी विचारलं.

आई फणकारली. "तिच्या नवऱ्याचं आडनाव मी कशाला लक्षात ठेवू? मला त्याच्याशी काय करायचं होतं?"



आता माझ्याबद्दल सांगते. मी डेटाबेसवाली. माणसांची माहिती रकान्यांत नीट ठेवायची आणि कोणी मागितली की अचूक काढून द्यायची, हा माझा धंदा. केस पांढरे झाले तरी रोज सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जाते आणि संध्याकाळी, देवाच्या आणि वाकडच्या चौकातल्या ट्रॅफिकच्या कृपेने, परत येते. या धंद्यात दर तीन-चार वर्षांनी कोणीतरी तरणाबांड गडी स्लाईड घेऊन उभा राहतो आणि जाहीर करतो की टेबल मेलं. रकाने, ओळी, सगळं जुनं झालं. मग आम्ही सुतक पाळतो. एकदा रकानेच नकोत म्हणून माहिती नुसती गाठोड्यांत कोंबली. मग एका मोठ्या प्रणालीचे ढीगभर छोटे तुकडे केले, तर ते तुकडे भावकीतल्यासारखे एकमेकांशी बोलेनात. मग नात्यांचं जाळं विणायचं फॅड आलं. दर वेळी वर्ष-दीड वर्षाने तोच गडी माझ्या खुर्चीशी येऊन हळू आवाजात विचारतो, "मॅम, याचं एक साधं टेबल करून मिळेल का?" मिळेल, बाबा. न मिळायला काय झालंय?

हल्लीचं फॅड म्हणजे सहायक. पडद्यावर मेनू नको, बटणं नकोत, शोधायचा चौकोन नको, काही म्हणजे काही नको. फक्त एक गोड बोलणारं यंत्र. तुम्ही त्याच्याशी गप्पा मारायच्या आणि त्याने अक्षरं न जुळवता तुमच्या बोलण्याचा अर्थ ओळखून जवळात जवळचं उत्तर शोधून द्यायचं. नव्याशी माझं वैर नाही हो. चांगलं असेल तिथे मी स्वतः वापरते. माझ्या डोक्यात तिडीक जाते ती दुसऱ्याच गोष्टीने. माणसाला काय लागतं ते न विचारता 'स्वच्छ दिसतं' म्हणून त्याच्या गरजेचा चौकोन पुसून टाकतात, त्याने.

मामा जाऊन काही महिने झाले असतील, आणि आमच्या कंपनीकडे काम आलं ते नेमकं आईच्या शाळेचं. शाळेला मोठा महोत्सव करायचा होता आणि त्याआधी सगळ्या माजी विद्यार्थिनींना एका ॲपवर गोळा करायचं होतं, म्हणजे हरवलेल्या मैत्रिणी एकमेकींना सापडतील. हे काम मी मागून घेतलं. घरी आल्यावर आईला सांगितलं, आणि रात्रीच्या जेवणात माझ्या पानात न मागता साखरांबा आला. त्यावरून काय ते समजले.

पहिल्याच मीटिंगमध्ये ठिणगी पडली. आमचा प्रॉडक्ट हेड पस्तिशीचा, हुशार, वागायला गोड, आणि कोणाचंही ऐकून न घेण्यात पटाईत. त्याने पडदा दाखवला. पांढराशुभ्र. मधोमध एक हिरवं पान. कशाचं पान ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्याखाली फोन नंबर टाकायची जागा, बास. नंबर टाकला की सरकारी ओळखपत्रावरचं नाव आपोआप येणार, कोणाला ते बदलता येणार नाही. एक माणूस, एक ओळख.

"आणि माहेरचं नाव कुठे टाकायचं?" मी विचारलं.

"मॅम, ते नाही घेतलं. प्रत्येक एक्स्ट्रा फील्ड म्हणजे फ्रिक्शन. यूजर पळून जातो."

"अरे, यूजर सत्तरीची आहे. ती कुठे पळणार? गुडघे आहेत का तिला?"

सगळे हसले. तोही हसला. मग म्हणाला, "पण नाव बदललेल्या यूजर्स म्हणजे एज केस आहे ना, मॅम."

एज केस म्हणजे आमच्या भाषेत क्वचित कुठेतरी, हजारात एखाद्याच्या बाबतीत घडणारा प्रकार. माझा पारा चढला. "अरे, मुलींची शाळा आहे! त्यातही निम्म्या पेठेतल्या, जुन्या घरांतल्या. लग्न झालं की पायापासून डोक्यापर्यंत नाव बदललेल्या. अख्खी शाळाच एज केस?"

डिझाइनर मुलगी अमरावतीची होती, नुकतीच पुण्यात आलेली, पीजीत राहणारी. ती जरा भीतभीतच म्हणाली, "मॅम, पण माहेरचं नाव विचारणं कसंतरीच वाटते ना? जिनं लग्नच नाही केलं, जिचा घटस्फोट झाला, तिला काय वाटेल?"

हे मला पटलं. खरंच पटलं. म्हटलं, "मग तसं विचारूच नको. 'शाळेतलं नाव' असं विचार. शाळेत तुमचं नाव काय होतं? त्यात लग्न नाही, माहेर नाही, सासर नाही."

"हे मस्त आहे," ती म्हणाली आणि लगेच लिहूनही घेतलं. मला वाटलं, जिंकले.

"गुड पॉइंट," प्रॉडक्ट हेड म्हणाला. "फेज टूमध्ये घेऊ."

फेज टू म्हणजे दुसरा टप्पा. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी तो पाहिलेला नाही. आहे म्हणतात. मी तीनदा मेल केली, एकदा जेवणाच्या सुट्टीत त्याला कॅंटीनच्या रांगेत गाठलं, एकदा त्याच्या वरच्यांकडेही जाऊन आले. ते म्हणाले, सहायक इतका हुशार आहे, तो घेईल समजून. माणसाने सांगितलेलं समजत नाही आणि यंत्राला सगळं समजेल म्हणे. रिकामा रकाना तो कुठून भरणार, त्याच्या खिशातून?

ॲप सुरू झालं. आईने सकाळी आंघोळ-पूजा उरकून, चष्मा पुसून, फोन माझ्यापुढे धरला. तिचं सासरचं नाव आपोआप उमटलं. "बरं," ती म्हणाली, "आता हिला विचार." आणि तिने मैत्रिणीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, असं सावकाश उच्चारलं.

पडद्यावरची अक्षरं लगबगीने पळू लागली. 'आपण आपल्या मैत्रिणीच्या शोधात आहात हे जाणून मला खूप आनंद झाला!'

"याला आनंद झाला," आई म्हणाली. "मग शोध की."

'मैत्री ही आयुष्यातील अनमोल गोष्ट आहे. क्षमस्व, या नावाची व्यक्ती आढळली नाही. मात्र आपल्याला पुढील व्यक्तींशी जोडून घ्यायला आवडेल का?' आणि खाली एक फोटो. दोन वेण्या घातलेली, गेल्याच वर्षी दहावी झालेली मुलगी. नाव जवळपास सारखं, म्हणून यंत्राने आणून दिली.

आईने फोन लांब धरून तिच्याकडे बघितलं. "ही माझ्या बाकावर बसायची? हिची आजी तरी जन्मली होती का तेव्हा?"

मी पुन्हा टाकलं. आडनाव आधी, नाव नंतर. मॅट्रिकचं वर्ष. बाकाचा उल्लेख. प्रत्येक वेळी यंत्राला नव्याने आनंद झाला. आईचा पेशन्स म्हणजे मुळातच यथातथा. ती टेलिफोन खात्यात होती, तारा जोडून द्यायची. म्हणाली, "आम्ही असं बोललो असतो ना, तर साहेबांनी घरी बसवलं असतं. नुसतं 'नंबर लागत नाही' म्हणायचं आणि गप्प बसायचं. एवढं गोग्गोड कशाला?" मग मला म्हणाली, "तू तिथेच काम करतेस ना? आत हात घाल आणि काढ."

"आई, मला खऱ्या लोकांची माहिती दिसत नाही. तसा नियम आहे."

"कोणी केला?"

"मीच."

"मग बस."

आणि नियम नसता तरी काय उजेड पडणार होता? ज्या नावाने शोधायचं ते नाव आतमध्ये कुठेच नव्हतं. ते ठेवायला आम्ही जागाच केली नव्हती. मैत्रीण आत असली, तरी सासरच्या नावाचं कुलूप लावून बसलेली असणार, आणि माझी आईही तशीच. दोघी शेजारी शेजारी उभ्या असत्या तरी एकीला दुसरी दिसली नसती.

आठवडाभर आई रोज सकाळी एकदा विचारायची, "आलं का काही?" मग विचारेनाशी झाली. एक दिवस मंडईतून आणलेल्या मटारच्या शेंगा सोलताना आपली आपणच म्हणाली, "जाऊ दे. गेली असेल ती." एवढं म्हणून पुढची शेंग उचलली. मला रडू आलं नाही, संताप आला. एका चौकोनासाठी! एका बोटभर चौकोनासाठी माझ्या आईने जिवंत असलेली किंवा नसलेली मैत्रीण मनातून पुसून टाकली होती, आणि ऑफिसात त्याच आठवड्यात त्या पांढऱ्या पडद्याला कसलंसं बक्षीस मिळालं म्हणून आम्ही केक खाल्ला. मीही खाल्ला. काय करणार, पोटात कावळे ओरडत होते.

महोत्सवाला यायला आई तयार नव्हती. मी जवळजवळ ओढतच नेली. शाळेच्या सभागृहाच्या दारात आमच्या कंपनीचं टेबल. फोन दाखवला की यंत्रातून कार्ड निघायचं, ते गळ्यात अडकवायचं. कार्डावर फोटो, बॅचचं वर्ष नाही, कारण वय उघड होतं म्हणून कोणीतरी काढून टाकलेलं, आणि ठळक अक्षरांत नाव. ओळखपत्रावरचं, म्हणजे सासरचं.

पुढे जे झालं ते बघायला आमच्या प्रॉडक्ट हेडला मी कान धरून पुढे उभं करायला हवं होतं. तो तिथेच होता, फोटो काढत होता. शे-दीडशे बायका सभागृहात फिरत होत्या, पैठण्या नेसून, गजरे माळून, आणि जी ती दुसरीच्या छातीवर वाकून वाचत होती. वाचायची, चेहऱ्याकडे बघायची, "अय्या, सॉरी हं" म्हणायची आणि पुढे सरकायची. पन्नास-साठ वर्षांनी चेहरे कोण ओळखणार? दातही कितींचे स्वतःचे होते देव जाणे. माझ्यामागे दोघी गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल केव्हापासून बोलत होत्या, अगदी जिव्हाळ्याने. कार्डं वाचून झाली होती. अनोळखी, पण सज्जन बाई, असं दोघींनी एकमेकींबद्दल ठरवून टाकलं होतं.

आई खुर्चीत बसून हे बघत होती. शेजारच्या बाईंनी तिचं कार्ड वाचलं आणि विचारलं, "आपण कुठल्या?"

"कुठली म्हणजे? याच शाळेतली!" आई कडाडली. "अहो, शाळेत मला या नावाने कोणी ओळखत नव्हतं आणि तुम्हालाही तुमच्या या नावाने. मग हे गळ्यात घालून कोणाला शोधायचंय? तांदळाला?"

ती उठली. स्टेजच्या बाजूला फळ्यावर रंगीत खडूंनी 'सुस्वागतम' लिहिलं होतं. आईने खालच्या पट्टीवरचा खडू उचलला आणि त्या वेलबुट्टीच्या मधोमध, मोठ्या अक्षरांत, आपलं जुनं नाव लिहिलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मग गळ्यातलं कार्ड काढलं, उलटं केलं, माझ्या पर्समधलं पेन घेऊन त्याच्या कोऱ्या बाजूवर तेच पुन्हा लिहिलं आणि गळ्यात घातलं.  मग कोणीतरी "इश्श्, खरंच की" म्हणालं आणि पेनं निघायला लागली. पेनं पुरेनात. काजळाच्या पेन्सिली निघाल्या. कार्डं उलटली आणि सभागृहात एकदम जो गलका उठला! गुडघेवाल्या दोघींनी एकमेकींची कार्डं वाचली आणि एक किंचाळलीच, "मेले, तू?" आणि मग दोघी गळ्यात पडून रडायला लागल्या. अमरावतीची आमची डिझाइनर मुलगी कोपऱ्यात उभी होती, तिचेही डोळे भरले होते. प्रॉडक्ट हेडने फोटो काढायचं थांबवलं होतं. चला, तेवढी अक्कल होती.

आईची मैत्रीण मात्र त्यात नव्हती. आई सगळ्यांची कार्डं वाचून आली. वर्गातल्या काही जणी भेटल्या, बाकीच्यांच्या बातम्या कळल्या, बहुतेक शेवटच्याच. कोणाला तिचा पत्ता नव्हता. आई परत खुर्चीत येऊन बसली आणि म्हणाली, "चल घरी."

तेवढ्यात चाळिशीची एक बाई फळ्यासमोर थबकलेली मला दिसली. ती माजी विद्यार्थिनी वाटत नव्हती, जीन्स-कुर्ता घातलेला, हातात कोणाचं तरी कार्ड नुसतंच धरलेलं. तिने फळ्यावरचं नाव वाचलं, परत वाचलं, मग आमच्याकडे आली आणि आईच्या उलट्या कार्डाकडे बघून म्हणाली, "मावशी, हे तुम्ही आहात? खरंच?"

आईने मान डोलावली.

"माझी आई दिवसभर हेच नाव घेऊन राहते," ती म्हणाली. बोलणं विदर्भाकडचं होतं. "आधी आम्हाला वाटलं, घरी कामाला कोणी होती का. मग कळलं, शाळेतलं असेल. आम्ही ॲपवर किती शोधलं तुम्हाला! तो म्हणे, खूप आनंद झाला, पण अशी कोणी व्यक्ती नाही."

तिने हातातलं कार्ड दाखवलं. तिच्या आईचं, सासरच्या नावाचं. सकाळपासून ते घेऊन ती बायकांना विचारत हिंडत होती आणि कोणी ओळखत नव्हतं. "आईला आणता नाही येत आता," ती म्हणाली. "तिला अलीकडचं काही आठवत नाही. मला ओळखते कधी, कधी नाही. सासरच्या नावाने हाक मारली तर बघतसुद्धा नाही."

म्हणजे ती इकडून शोधत होती, आई तिकडून शोधत होती, आणि मधे आमचा तो स्वच्छ, पांढरा, बक्षीसपात्र पडदा उभा होता. माझ्या तोंडात जे शब्द आले ते शाळेच्या आवारात बोलण्यासारखे नव्हते.

पुढच्या आठवड्यात ऑफिसात काय व्हावं? शाळेतलं नाव टाकायची जागा झाली. लगेच. फेज टूची वाट न बघता. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो असा. वर प्रॉडक्ट हेडने त्याच्यावर स्लाईड केल्या, यूजरचं बारकाईने निरीक्षण केल्याने ही दृष्टी मिळाली, असं काहीतरी त्यात होतं. माझी आई म्हणजे यूजर आणि हे निरीक्षण करणारे! मी मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्या. डिझाइनर मुलीने तेवढं माझ्याकडे बघून डोळे फिरवले, त्यावर समाधान मानलं.

त्या रविवारी दुपारी आम्ही गेलो. मैत्रिणीच्या लेकीचा फ्लॅट कुठे होता सांगू? हिंजवडीत. आमच्या कंपनीची बस जिथे वळण घेते आणि रोज पंधरा मिनिटं हलत नाही, त्याच टॉवरमध्ये. मी रोज त्या बाल्कन्यांकडे बघत जांभया देत होते. गेटवर सुरक्षारक्षकाने टॅब पुढे केला. "नाव?" आईने माहेरचं सांगितलं, वडिलांच्या नावासकट.  वरून परवानगी आली आणि फाटक उघडलं.

मैत्रीण बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसली होती. अंग सुकलेलं, केस बारीक कापलेले, पाठ मात्र ताठ. लेक म्हणाली, "आई, कोण आलं बघ." ती खाली रस्त्याकडे बघत राहिली. सांभाळणाऱ्या बाईंनी सासरच्या नावाला आजी लावून हाक मारली. छे! मग आई पुढे झाली आणि तिने तिला शाळेतल्या नावाने हाक मारली. खणखणीत, मामा मारायचा तशी.

मान झटकन वळली. मैत्रिणीने आईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. पांढरे केस, सुरकुत्या, काठी. "कोण आपण?"

आईने आपलं नाव सांगितलं.

"ती?" मैत्रीण म्हणाली. "ती नाही आली अजून. रोज उशीर करते."

आईचा चेहरा पडला. मी तिचा हात धरला. एवढं सगळं करून इथवर यायचं आणि इथेही तेच, अशी व्यक्ती नाही? मला त्या म्हाताऱ्या जिवाचाही राग आला, खोटं कशाला बोलू. लेक ओशाळून म्हणाली, "मावशी, चहा टाकते."  आई खुर्ची ओढून समोर बसली, पदर सारखा केला, आणि मान खाली घालून, वेगळ्याच आवाजात म्हणाली, "बाई नाही आल्या अजून. तू हजेरी घे ना."

मैत्रिणीने एकदा दाराकडे बघितलं. मग घसा खाकरला, समोर हजेरीपट असल्यासारखा तळहात मांडीवर पसरला आणि सुरुवात केली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. थोडं थांबायचं. पुढचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कुठे अडखळणं नाही, चाचपडणं नाही. जिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं ती अख्खा वर्ग ओळीने उभा करत होती. लेक चहाचं आधण तसंच टाकून दारात येऊन उभी राहिली. उत्तर येत नव्हतं म्हणून मैत्रीण दर नावाला कपाळाला आठी घालत होती, पण पुढे जात होती. आणि मग आईचं नाव आलं. पूर्ण. तिन्ही शब्द.

"हजर," आई म्हणाली.

मैत्रिणीने मान वर केली. या वेळी तिने केसांकडे बघितलं नाही, सुरकुत्यांकडे बघितलं नाही. "आलीस एकदाची," ती म्हणाली. "बस खाली. बोलू नकोस."

"नाही बोलत," आई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. मी तिला बाबा गेले तेव्हा रडताना पाहिलं होतं, मामा गेला तेव्हा पाहिलं होतं. अशी नव्हती पाहिली. ती हसत होती.

हजेरी संपली नव्हती. मैत्रिणीने पुढचं नाव घेतलं. कोणी उत्तर देईना. ती थांबली. हात मांडीवर तसाच, नजर आमच्यावर. तिने तेच नाव परत घेतलं, जरा जोरात, आणि आता तिच्या ओठांना कंप सुटला होता. आईने डोळे न पुसताच मला कोपराने ढोसलं.

"अगं, म्हण ना," ती कुजबुजली. "ती नाही आता."

मी सरळ उभी राहिले. "हजर," मी म्हणाले.